मालकाला ठाऊक आहे का?

एका बोहारणीने आमच्या कंपनीचे नवेकोरे कपडे सगळ्यांदेखत, चहाच्या गाळणीच्या बदल्यातसुद्धा घ्यायला नकार दिला आणि त्याच संध्याकाळी माझी नोकरी गेली.

असं काहीही घडलेलं नाही. तसा कागद आहे. 'दिनांक एकवीस मे रोजी कंपनीच्या आवारात कोणताही कार्यक्रम झाला नाही, त्यास कोणीही बोहारीण उपस्थित नव्हती आणि तिने काहीही नाकारले नाही.' खाली माझी सही आहे, आणि सहीखाली सुवाच्य अक्षरात पुष्कर दिनकर कुदळे असं नाव आहे. न आलेल्या बाईने काय काय केलं नाही याची इतकी तपशीलवार नोंद मी त्याआधी कुठेच वाचली नव्हती. पण सही ती सही. तेव्हा पुढचं सगळं न घडलेलं आहे असं धरून वाचावं.

न घडायला सुरुवात झाली ती एका रविवारी सकाळी, आमच्या चिंचवडच्या घराच्या दारात. जमनाबाई उंबऱ्याच्या बाहेर बसल्या होत्या, आई उंबऱ्याच्या आत, आणि दोघींच्या मध्ये माझे अकरा टी-शर्ट.

"ताई, हे उचला," जमनाबाई म्हणाल्या.

"अहो, नवे आहेत सगळे. दोन-दोनदा घातलेत फक्त."

"म्हणून तर म्हणते. तिसऱ्यांदा कोण घालणार?"

"निदान फडकी तरी होतील."

"तुम्ही पुसून बघितलं का?"

आईने पुसून बघितलं होतं. आमच्या कंपनीच्या टी-शर्टने ओटा पुसला की पाणी पुसलं जात नसे. ते ओट्याच्या या टोकाकडून निघून त्या टोकाला जाऊन बसे.

जमनाबाई वीस वर्षं आमच्या सोसायटीत यायच्या. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांचं टोपलं, पाठीला जुन्या कपड्यांचं गाठोडं. कपडे घ्यायचे, भांडं द्यायचं, आणि घेतलेले कपडे जुन्या बाजारात नेऊन विकायचे. कापड त्या डोळ्यांनी बघतच नसत. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून एकदा चोळत, मग उन्हात धरत, मग काठाचा एक दोरा ओढून बघत. एवढं झालं की भाव ठरला. आणि घेण्याआधी एक प्रश्न नेहमी विचारत: "मालकाला ठाऊक आहे का?"

हा प्रश्न अनुभवातून आला होता. फार पूर्वी सी विंगमधल्या एका काकूंनी, काका आंघोळीला गेलेले असताना, काकांची पँट देऊन दुधाचं पातेलं घेतलं. काका टॉवेलवर बाहेर आले तेव्हा पँट भोसरीपर्यंत पोचली होती. त्या दिवसापासून जमनाबाई मालकाची चौकशी केल्याशिवाय रुमालसुद्धा घेत नसत.

"पूर्वी तुमच्या एका बिल्डिंगीत दोन गाठोडी व्हायची, ताई," जमनाबाई टी-शर्ट एकेक करून आईकडे सरकवत म्हणाल्या. "आता कपडे दसपट निघतात आणि गाठोडं अर्धं भरतं. बाजारात घेणारे हसतात. म्हणतात, जमना, कापड आण, पिशव्या नको आणू."

"हा तिथेच नोकरीला आहे," आईने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यात अभिमान किती आणि तक्रार किती ते मला आजही सांगता येणार नाही.

जमनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर आजाऱ्याच्या नातेवाइकाकडे पाहतात तसं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "लहान आहे अजून."

कंपनीचं नाव 'चटक फॅशन्स'. बाणेरला काचेची इमारत, तळमजल्यावर दुकान, वर ऑफिस. वर्षाला बावन्न कलेक्शनं. सोमवारी आलेलं रविवारी जुनं व्हायचं, आणि बुधवारी कुणी सोमवारचं घालून आलं तर आम्ही त्याला अनुभवी म्हणायचो. माझं काम रंगांना नावं देणं. आठवड्याला चौदा नवे रंग यायचे. रंग तेच, नावं नवी. 'थकलेला पेरू' हे नाव माझं. 'उधारीचा आकाशी' पण माझं. 'सोमवारचा आंबा' या नावावर बरीच चर्चा झाली, कारण माल मंगळवारी आला.

मी सहा महिन्यांच्या चाचणीवर होतो. मे महिन्याच्या शेवटी कायम होणार किंवा घरी जाणार. अडचण अशी की आईने एप्रिलमध्येच पेढे वाटले होते. बाबा गेल्यानंतर दोन वर्षांत आमच्या घरातून कुणाला काही गोड गेलं नव्हतं, आणि तिला ते एकदाचं सुरू करायचं होतं. तीन विंगा, चोवीस घरं, वर वॉचमन. एवढ्या लोकांनी पेढा खाल्ल्यावर कायम न होणं मला परवडणारं नव्हतं.

त्याच सुमारास एका वर्तमानपत्रात नाल्याचा फोटो आला. नाल्यात पाणी दिसत नव्हतं, कपडे दिसत होते, आणि सगळ्यांत वर, लेबल नीट वाचता येईल असा, आमचा 'थकलेला पेरू'.

आमचे मालक शौनक सर. वय एकतीस, कपडे बारा महिने काळे. बावन्न कलेक्शनांतला एकही कपडा मी त्यांच्या अंगावर पाहिला नाही. त्यांनी तातडीची मीटिंग घेतली.

"आपण कपडे परत घ्यायचे," ते म्हणाले. "लोक जुनं 'चटक' आणतील, आपण घेऊ. मोहिमेचं नाव परतफेरा. पण त्यात काहीतरी मातीतलं हवं यार. काहीतरी आपलं. काय आहे आपल्याकडे जुनं?"

मग न घडलेल्या इतिहासातली पहिली चूक माझ्या तोंडून झाली.

"सर, आमच्याकडे एक बोहारीण येते."

शौनक सरांना बोहारीण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. ते खुर्चीतून उठले.

"म्हणजे आपल्या देशात परतफेरा आधीपासून आहे? टोपल्यासकट?"

"हो सर."

"तिला आण! लाइव्ह करू. लोक 'चटक' देतील, ती हात फिरवेल, मान हलवेल, भांडं देईल. तीन वेळा. बास. आणि जे कपडे परत येतील ते सगळे तिचे. पुष्कर, हे कर, त्याच संध्याकाळी तुझं कायमचं पत्र."

ते "सगळे तिचे" जमनाबाईंना मी जसंच्या तसं सांगितलं.

"सगळे? ट्रक भरून?"

"ट्रक भरून, मावशी."

त्या बराच वेळ टोपल्यातल्या भांड्यांची चळत नीट करत बसल्या. "हे फोनवर दिसणार का?"

"सगळीकडे."

"बाजारात माझा नातू सगळ्यांना दाखवणार मग. जमनाने आणलंय म्हटलं की तिथे कुणी गाठोडं उघडून बघत नाही, माहितेय? नुसतं उचलून नेतात. तीस वर्षं झाली."

"मग आता तर सगळे बघतील," मी उत्साहाने म्हणालो.

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. मला वाटलं, होकार आहे.

दुसरी चूक तालमीत झाली. तालीम सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेतली. गिऱ्हाईक म्हणून आई. आईने घरातून जुनी चादर आणली, माझ्या बारशाच्या वेळची. जमनाबाईंनी चोळली, उन्हात धरली, दोरा ओढला. दोरा आला नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की वॉचमनने टाळ्या वाजवल्या. मान हलली, डबा निघाला. मग आईचा लुगड्याचा परकर, मग एक सतरंजी. तिन्ही वेळा मान अशी हलली की मी शौनक सरांना फोन करून सांगितलं, एकदम तयार आहेत.

तालीम खऱ्या कापडावर घेतली आणि प्रयोग 'चटक'वर होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. रंगांना नावं देणाऱ्या माणसाकडून कापडाकडे दुर्लक्ष होतं.

एकवीस मेच्या सकाळी मी त्या आठवड्याच्या कलेक्शनमधला शर्ट घातला, तसा नियमच होता, आणि स्कूटरला किक मारली. शर्टाची उजवी बाही खांद्यापासून सुटली. फाटली म्हणणार नाही. वेळ झाली की शाळा सुटते तशी, कुणालाही इजा न होता सुटली.

"थांब," आई वरून ओरडली. खाली आली ती बाबांचा शर्ट घेऊन.

बाबा वीज मंडळात मीटर रीडर होते. निळ्या बारीक चौकड्यांचा तो सुती शर्ट त्यांनी माझी दुसरी ते माझी बारावी एवढा काळ घातला. उन्हातून, कुत्र्यांमधून, जिन्याखालच्या जाळ्यांमधून. मानेकडून कॉलर विरली तेव्हा शिंप्याने ती उसवून, उलटी करून परत लावली होती. कोपरावर आईचं रफू. बटणं तीन जातींची. खिशाच्या कोपऱ्यात शाईचा डाग, बाबा टोपण लावायला विसरायचे त्याचा. मला खांद्यात किंचित सैल व्हायचा.

"जपून वापर," आई म्हणाली, आणि मग स्वतःच हसली. "तुला काय सांगते मी. त्याला सांगायला हवं."

दुकानासमोर मंडप होता. झेंडूच्या माळा, मातीच्या कुंड्या, एक बैलगाडीचं चाक. चाक कशासाठी ते कुणालाच माहीत नव्हतं. जमनाबाई मधोमध सतरंजीवर बसल्या होत्या, समोर टोपलं. दोन कॅमेरे, एक माइक, माइक माझ्या हातात. पंचवीस-तीस लोक, बाकीचे फोनमधून.

"नमस्कार आंटी," शौनक सर वाकून म्हणाले.

"जमनाबाई म्हणा. आंटीने भांडी नसती दिली."

लोक हसले. शौनक सर खूश. मला अंगठा दाखवला. पहिलं गिऱ्हाईक आलं, कॉलेजची मुलगी, हातात टॉप. 'थकलेला पेरू'.

जमनाबाईंनी बोटांत धरून चोळलं. परत चोळलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"टॉप आहे, मावशी."

"ते दिसलं. कापड कुठंय?"

"त्याचंच... तेच कापड."

त्यांनी टॉप उन्हात धरला. "तुमचे सर दिसतात यातून," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "दात मोजता येतील." मग काठाचा दोरा ओढला. दोरा आला. येतच राहिला. हातभर आला, दोन हात आला. टॉपची खालची शिवण दोऱ्याबरोबर निघून आली आणि टॉपचा पडदा झाला. जमनाबाईंनी तो घडी करून, अगदी अदबीने, मुलीला परत दिला.

"पुढचं घ्या, पुढचं," शौनक सर हसत म्हणाले. हसण्याची उंची कमी झाली होती.

पुढचा मुलगा जीन्स घेऊन आला. गुडघ्यांवर मोठी भोकं.

"ही फाटलीय रे."

"नाही, अशीच मिळते," मुलगा म्हणाला.

"अशीच? म्हणजे फाडायला माणूस ठेवलाय?"

"मशीन आहे," मी खालच्या आवाजात म्हणालो, पण माइक माझ्याच हातात होता.

"मग मला कशाला बोलावलं?" जमनाबाई म्हणाल्या. "मशीनला द्या की भांडं."

आता लोक मोकळेपणी हसायला लागले. फोनमधल्यांचा आकडा कॅमेरावाल्याने बोटांनी दाखवला. तो चांगला होता की वाईट हे ठरवायला शौनक सरांना एक क्षण लागला. मग ते धावत आत गेले आणि एक बंद खोकं घेऊन आले. पुढच्या सोमवारचं कलेक्शन, सील न फोडलेलं.

"आंटी... जमनाबाई. हे एकदम नवं आहे. कुणी हातही लावलेला नाही. यावर काय द्याल? काहीही द्या. छोटं काहीतरी द्या."

त्यांनी वरचे चार कपडे चोळले. मग टोपल्यातून चहाची गाळणी उचलली आणि तिची जाळीही तशीच बोटांत चोळून बघितली. खरोखर विचार करत होत्या. एवढी मदत त्या माझ्यासाठी करत होत्या.

"नाही जमत," अखेर त्या म्हणाल्या. गाळणी टोपल्यात परत गेली. "ही जाळी जास्त घट्ट विणलीय. रागावू नका, साहेब. बाजारात मला तोंड दाखवायचंय."

आणि मग जमनाबाईंची नजर माझ्या बाहीवर गेली. त्यांनी हात लांब करून बाही दोन बोटांत धरली.

त्यांनी ती चोळली आणि सोडलीच नाही.

"हं," त्या म्हणाल्या. मग कोपरावरचं रफू चाचपलं, उठून उभ्या राहिल्या आणि माझी कॉलर मागून उघडून बघितली. "पालटलेली आहे. आणि अजून दहा वर्षं जाईल." टोपल्यातलं सगळ्यांत मोठं पातेलं त्यांनी उचलून सतरंजीवर ठेवलं. "यावर हे देते. झाकणासकट."

टाळ्या पडल्या. शौनक सर माझ्या कानाशी आले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच गोड होता.

"म्हण, आपला आहे. विंटर कलेक्शन. शर्ट काढ, पातेलं घे, हास. संध्याकाळी पत्र."

मी पेढ्यांचा विचार केला. चोवीस घरं, आणि वॉचमन. मी वरचं बटण काढलं. दुसरं काढलं, ते वेगळ्या जातीचं होतं, जरा अडतं. माइक तोंडाशी धरला.

"हा शर्ट," मी म्हणालो, "'चटक'चा आहे. विंटर कलेक्शन."

टाळ्या आणखी वाढल्या. जमनाबाई मात्र टाळ्यांसाठी थांबल्या नाहीत. त्यांनी शर्टाकडे हात केला आणि नेहमीसारखंच, सवयीने विचारलं, "मालकाला ठाऊक आहे का?"

मी तिसऱ्या बटणाशी होतो.

"हो म्हण," शौनक सर कुजबुजले. "मालक मीच आहे. ठाऊक आहे मला."

"मालक नाहीत," मी म्हणालो.

"बाहेरगावी?"

"नाही. दोन वर्षं झाली."

जमनाबाईंना कळलं. बाबांच्या हातून त्यांनीही कधीतरी पाणी घेतलं होतं. दुपारी दारात कुणी आलं की बाबा आधी तांब्या आणत. जमनाबाईंनी शर्टाकडे परत पाहिलं, या वेळी डोळ्यांनी.

"मीटरवाले भाऊ?"

मी मान हलवली. तीन वेळा नव्हे, एकदाच.

"मग ताईंना ठाऊक आहे का, तू हा देतोयस ते?"

"नाही."

"मग नाही घेत," जमनाबाई म्हणाल्या आणि पातेलं टोपल्यात परत ठेवलं. "बटणं लाव. ऊन आहे."

मी बटणं लावली. कॅमेरावाल्याने सांगितलं की त्या वेळी नऊ हजार लोक बघत होते. मग कुणीतरी वायर ओढली आणि ते बघत नव्हते.

संध्याकाळी मला पत्र मिळालं, पण वेगळं. आणि कागद मिळाला, वर सांगितलाय तो. शौनक सर चिडलेही नव्हते. सही होईपर्यंत ते माझ्या बाहीकडे बघत होते. एकदा त्यांनी हात पुढे करून ती दोन बोटांत धरली, चोळली आणि सोडली. मग म्हणाले, "तू जा."

घरी आलो. आईने बघितलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर वायर ओढेपर्यंतचं सगळं आलं होतं.

"पेढ्यांचं काय?" मी विचारलं.

"खाल्ले त्यांनी," आई म्हणाली. "आता काय परत देतात?"

त्यानंतर आठवडाभर मला स्वतःबद्दल बरंच चांगलं वाटत होतं. बाबांच्या शर्टासाठी नोकरीवर पाणी सोडणारा मुलगा कुठल्याही सोसायटीत रोज सापडत नाही. मी जिन्यातून जरा हळू उतरायला लागलो होतो, लोकांना बघता यावं म्हणून. पुढच्या रविवारी बाहेरून आलो, तर ओट्यावर ते पातेलं. झाकणासकट.

"आई, हे कुठून आलं?"

"जमनाबाई आल्या होत्या."

मी कपाट उघडलं. हँगर होता. नुसताच.

"तू शर्ट दिलास?"

"त्यांनी विचारलं, मला ठाऊक आहे का. म्हटलं, आता आहे." ती पातेल्यात पाणी घेऊन ते गळतंय का बघत होती. "मग घ्या म्हटलं."

"आई, मी त्या शर्टासाठी नोकरी सोडली!"

"सोडली कुठे, काढलं त्यांनी." पातेलं गळत नव्हतं. तिने ते गॅसवर ठेवलं. "हे बघ. त्या शर्टात मी किती वेळा सुई घातली ते मलाच माहीत. कपाटात लटकवून ठेवण्यासाठी नव्हती घातली. कुणाच्या तरी अंगावर जाऊ दे. त्यांना आवडलं असतं." मग झाकण लावत म्हणाली, "आणि झाकण चांगलं बसतं."

मी झाकण उचलून परत लावलं. झाकण खरंच चांगलं बसत होतं.

सहा वर्षं झाली. मी आता कचरा वेगळा करणाऱ्या एका संस्थेत आहे. कागदोपत्री ओला आणि सुका असे दोन ढीग असतात. आम्ही तिथे प्रत्यक्षात तीन करतो, ओला, सुका आणि 'चटक'. तिसरा ढीग सगळ्यांत उंच आहे. त्यातले रंग मी लांबून ओळखतो. सहकाऱ्यांना याचं कौतुक वाटतं.

कंपनी जोरात आहे. मागच्या महिन्यात त्यांच्या दुकानावरून जात होतो, तर नवा विभाग दिसला. 'ठेवणीतलं, 'चटक'कडून.' आत मंद दिवे, आणि काचेच्या पेट्यांमध्ये एकेक जुना कपडा. तिसऱ्या पेटीत निळ्या बारीक चौकड्या. पालटलेली कॉलर. तीन जातींची बटणं. खिशाच्या कोपऱ्यात शाईचा डाग, आणि त्यावर बारीक दिवा सोडलेला. पाटीवर लिहिलं होतं, 'एकमेव नग. कृपया स्पर्श करू नये.'

पुढच्या रविवारी सकाळी मी जुन्या बाजारात गेलो. जमनाबाई आता फिरत नाहीत, एका जागी बसतात.

"तुझ्या बाबांचा ना? पाच वर्षं एका केळीवाल्याने घातला," त्या म्हणाल्या. "रोज. पावसाळ्यातसुद्धा. मग त्याच्या बायकोने आणून दिला, डबा घेतला."

"केळीवाल्याला ठाऊक होतं?"

"समोरच बसला होता. डबा त्यानेच निवडला." त्या हसल्या. "मग तुझा तो काळा साहेब आला. दर बुधवारी येतो. आता हात लावून बघतो, मी करते तसं. चोळतो, उन्हात धरतो. दोरापण ओढतो. शिकला."

"सगळं शिकला?"

"विचारत नाही अजून," जमनाबाई म्हणाल्या.

घरी आलो. आई त्याच पातेल्यात वरण करत होती. मी टेबलावर बसून पत्र लिहिलं, दोन प्रतींत. एक पोस्टाने पाठवली, दुसरी ही:

प्रति,
मा. संचालक,
चटक फॅशन्स, बाणेर.

विषय: तिसऱ्या काचेच्या पेटीतील निळ्या चौकड्यांच्या शर्टाबाबत.

महोदय,

दिनांक एकवीस मे रोजी आपल्या आवारात न झालेल्या कार्यक्रमात मी न घातलेला शर्ट सध्या आपल्या दुकानात आहे, असे निदर्शनास आले आहे. सदर शर्ट परत मागण्याचा मला हक्क नाही, याची नम्र जाणीव आहे. त्याच्या बदल्यात आमच्या घरी एक पातेले (झाकणासह) रीतसर आलेले असून ते रोज वापरात आहे. केळीवाल्यांचीही तक्रार नाही.

तथापि, सदर शर्ट यापुढे कोणी अंगात न घालता नुसता दिव्याखाली ठेवण्यात येणार असल्याने, हे मूळ मालक कै. दिनकर बाबूराव कुदळे, मीटर रीडर, यांना ठाऊक आहे का, याची आपण स्वतः त्यांच्याकडे समक्ष चौकशी करावी, आणि त्यांचे लेखी उत्तर पंधरा दिवसांच्या आत खाली सही करणाऱ्यास कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
पुष्कर दिनकर कुदळे